बेटावरची आखाजी

वऱ्हाडात त्या काळी सोन्याचा धूर निघत होता, असं हल्लीची पोरं मोठ्या कौतुकाने सांगतात. मी तेव्हा मिसरूड फुटलेला गडी होतो आणि त्या धुरातच उभा होतो. सोनं काही माझ्या नजरेस पडलं नाही. धुराने डोळे मात्र चांगले चुरचुरले.

झालं होतं असं, की समुद्रापलीकडे कुठेतरी गोरे गोऱ्यांशीच लढत होते, त्यांचा कापूस अडकून पडला होता, आणि विलायतेतल्या गिरण्यांना एकदम आमच्या काळ्या मातीची आठवण झाली होती. एरवी आमची आठवण फक्त सारा वसूल करायच्या वेळी व्हायची. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग पार गावाबाहेर जायची. आमच्या पाटलाने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. त्या बैलांना वैरण घालणारे, त्यांचं शेण काढणारे आणि त्यांच्यामागे वखर धरणारे आम्ही दोघे भाऊ. आमच्या डोक्याला तोच जुना पटका. शिवाय सगळी वावरं पऱ्हाटीने, म्हणजे कापसाने, भरलेली, मग जवारी पेरणार कोण? ती इतकी महाग झाली, की कापूस खाता येत नाही ही गोष्ट आम्हाला पाटलाच्या खूप आधी कळली.

आम्ही पाटलाचे सालदार होतो, म्हणजे सालाच्या बोलीवर राबणारे गडी. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सरतं. त्या दिवशी सालदार अवजारं जागच्या जागी ठेवतो, आंघोळ करतो, मालकाच्या घरी पुरणपोळी आणि आंब्याचा रस खातो आणि मग ओट्यावर बसून बोली होते. पटलं तर पुढचं साल, नाही पटलं तर राम राम. वर्षभर मालक बोलतो आणि सालदार ऐकतो, पण त्या एका दिवशी सालदार मिशीला पीळ देतो आणि मालकाला ऐकावं लागतं. यातली मेख एवढीच, की काही न बोलता जो दुसऱ्या दिवशी सकाळी अवजार उचलतो, त्याने पुढचं साल कबूल केलं असं सगळा गाव धरून चालतो. मग त्याची सुटका नाही.

माझा थोरला भाऊ या रिवाजाचा भारी कट्टर. देव एखादे वेळी चुकेल, पण आखाजी चुकायची नाही, असं त्याचं मत. एरवी तो गरीब माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला एकच वेड होतं, स्वतःची बैलजोडी. जोडी असली की कुणाचंही वावर बटाईने, पिकाच्या वाट्यावर, करता येतं, मग सालदारकी सुटली. त्याचा सासरा अकोल्याजवळच्या गावात थोडीफार जमीन राखून होता आणि येताजाता ऐकवायचा, की दुसऱ्याच्या बैलामागे चालणाऱ्याला मी पोरगी दिली. पण कापसाच्या त्या धामधुमीत गाड्यांना बैल पुरेनात, आणि जोडीचा भाव ऐकून दादा नुसताच हसायचा.

अशात आम्ही पाटलाचा कापूस घेऊन अमरावतीला गेलो. तिथे बाजाराच्या कडेला एक इसम बसला होता. डोक्याला जरीचा रुमाल, तोंडात पान, आणि भेटेल त्याला भाऊसाहेब म्हणायची सवय. दादाला जन्मात कुणी भाऊसाहेब म्हटलं नव्हतं. अर्धं काम तिथेच झालं. तो इसम मोरस बेटावर माणसं पाठवायचा. मोरस साखर जिथून येते, तेच हे बेट. तिथे म्हणे ऊस असा मऊ, की कोयता दाखवला तरी आडवा पडतो. तिथे कपडे मिळतात, तांदूळ मिळतो, डॉक्टर मिळतो, आणि येताना माणूस बैलजोडी काय, पाटलालाच विकत घेईल.

"किती दिसाचं काम हाये?" दादाने विचारलं.

"पाच वर्षांचा करार, भाऊसाहेब."

"पन दर आखाजीले बोली होईन ना? नाई पटलं त वापस येता येईन ना?"

"होईल की! का नाही होणार?"

त्या बेटावर अकोल्याचा आठवडी बाजार भरतो का, असं विचारलं असतं, तरी तो "भरतो की" म्हणाला असता. पण दादाला आखाजी मिळाली आणि त्याचं समाधान झालं. मला विचारलंच नाही. मी धाकटा होतो, आणि धाकट्याला विचारायची आमच्यात पद्धत नव्हती.

घरी आल्यावर वहिनीने आधी भांडी आपटली, मग रडून घेतलं आणि मग अट घातली. तिची जीभ दादापेक्षा दहापट चालायची. "एकच साल," ती म्हणाली. "पुढच्या आखाजीले घरी पायजे. नाई आले त मी काई वाट पाहात बसनार नाई, सांगून ठेवते." सासऱ्याने तर चारचौघांत सांगितलं, "आखाजीले आला त पोरगी तुई. नाई आला त काडीमोड घेतो न दुसऱ्या घरी पाट लावून देतो. तरन्या पोरीले मी जलमभर घरात बसवनार नाई." आमच्या जातीत पाट लागतो, परागंदा झालेल्याच्या बायकोचा तर हमखास लागतो, तेव्हा ही काही कोरडी धमकी नव्हती. दादाने मान डोलावली. एक साल म्हणजे एक साल, आखाजीला हजर. बायको गमावायची भीती त्याला वाटलीच नाही, कारण आखाजी त्याच्या बाजूने होती.

मुंबईला एका साहेबासमोर उभं करून आम्हाला विचारलं, मर्जीने जाता ना? आम्ही होय म्हणालो. आमच्या मर्जीची एवढी चौकशी त्याआधी कुणी केली नव्हती आणि त्यानंतरही कुणी केली नाही. दादाने कागदावर निशाणी म्हणून नांगर काढला, अगदी रुमण्याच्या मुठीसकट, आणि साहेबाकडे असं पाहिलं, की जणू साहेब आता त्या नांगराची तारीफ करणार. मग जहाज. काळं पाणी ओलांडलं की जात जाते असं म्हणतात. मला इतक्या ओकाऱ्या झाल्या, की जात गेलीच असेल तर कोणत्या ओकारीबरोबर गेली हे मी सांगू शकत नाही.

बेटावरचा ऊस मऊ नव्हता, हे सांगायला नकोच. त्याच्या पात्याने हात चिरायचे. मुकादमाला तिथे सरदार म्हणत, आणि आमच्या सरदाराची सगळी सरदारकी एका वेताच्या छडीत होती. मालक गोरा, पण मुंबईच्या साहेबापेक्षा वेगळा, त्याची बोली इंग्रजीही नव्हती. आम्ही तक्रार केली नाही. वर्षाचा तर प्रश्न होता. दादा चंद्रावर डोळा ठेवून महिने मोजायचा आणि वैशाख जवळ आला तसतशी त्याची कळी खुलायला लागली. परतीच्या वाटेत अकोल्याला वहिनीसाठी लुगडं कोणत्या रंगाचं घ्यायचं, यावर तो माझ्याशी वाद घालायचा. मी हिरवं म्हणायचो, तो जांभळं.

आखाजीच्या सकाळी आम्ही दोघांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, कोयते पुसून कोपऱ्यात उभे केले आणि मालकाच्या बंगल्याच्या पायरीवर जाऊन बसलो. दादाने मिशीला पीळ दिला. आता आतून जेवायचं बोलावणं येईल, मग बोली होईल, मग आपण नाही म्हणू. आतून आला तो एक कुत्रा. त्याच्यामागून सरदार आला आणि त्याच्यामागून शिपाई.

कोर्टात दुभाष्या होता बिहारकडचा. दादाने हात जोडून स्वच्छ सांगितलं, "सायेब, आज आखाजी हाये. माहं साल सरलं. मले पुढचं करायचं नाई. घरी माई बायको वाट पाहून राहिली. राम राम." दुभाष्याने यातलं काय सांगितलं देव जाणे, पण साहेबाचा समज असा झाला, की आमचा काहीतरी सण आहे आणि आम्हाला सुट्टी हवी आहे. सणाला सुट्टी नाही, असं म्हणून त्याने आम्हाला तुरुंगात पाठवलं. तिथे कामाला सुट्टीच सुट्टी असेल असं वाटलं होतं, तर तिथे दगड फोडायचे होते. वर मळ्याचा नियम असा, की कामावर नसलेला एकेक दिवस दुप्पट करून कराराच्या शेवटी जोडायचा. हे आम्हाला सुटल्यावर कळलं. पाच वर्षं म्हणजे सलग पाच वर्षं, मध्ये बोली नाही आणि आखाजीही नाही, हेही तेव्हाच कळलं.

इतकं कळल्यावर शहाणा माणूस काय करील? खाली मान घालून ऊस तोडील. मीही दादाला तेच म्हणालो. तो म्हणाला, "आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी कोयता उचलला, त मीनंच साल वाढवलं असं होईन. मी तिले एक साल म्हनलं होतं. त्यायनं मले अडकवून ठेवलं ते वेगळं, पन मी होऊन वाढवनार नाई." मी डोक्याला हात लावला. पण दुसऱ्या आखाजीला तो धोतर धुवायला बसला, तेव्हा मी माझंही धोतर त्याच्यापुढे टाकलं. तो एकटा पायरीवर बसलेला मला पाहवला नसता, आणि खरं सांगायचं तर त्या सरदाराचं तोंड बघायची माझीही हौस फिटली नव्हती.

मग हा दर वर्षीचा कुळाचारच होऊन बसला. बंगल्याच्या पायरीवर आम्ही दोघे, मग कुत्रा, मग सरदार, मग शिपाई. कोर्टातला साहेब आम्हाला ओळखायला लागला. तुरुंगातले शिपाई तर आमची वाटच पाहायचे. तिथेच शेजारच्या मळ्यातला रत्नागिरीकडचा एक माणूस भेटला, दारूसाठी आत आलेला. त्याने फरशीवर कोळशाने मला बाळबोध अक्षरं शिकवली. लोक आपल्या शाळेबद्दल अभिमानाने लिहितात, म्हणून मीही लिहून ठेवतो, की माझी शाळा मोरसचा तुरुंग.

हाच रत्नागिरीवाला एकदा सहज म्हणाला, "अहो, यंदा अधिक मास होता. तुमची अक्षय तृतीया अजून व्हायची आहे." दादाने बारा चंद्र मोजले होते, अधिकाचा तेरावा त्याला आठवलाच नव्हता. म्हणजे आम्ही नुसत्या चैत्रातल्या एका फालतू तिथीसाठी दगड फोडत होतो. मला हसू आवरेना. दादा मात्र बोटांवर महिने मोजायला लागला. "मंग खरी आखाजी आपून कामावर असतानी येईन!" आणि झालंही तसंच. आम्ही सुटलो, मळ्यावर आलो, आणि खरी आखाजी उगवली. दादाने पुन्हा धोतर धुतलं. आठवड्यापूर्वीच निरोप देऊन सोडलेले पाहुणे परत आलेले पाहून तुरुंगातला शिपाई पोट धरून हसला. त्या वर्षी आम्ही आखाजी दोनदा साजरी केली, एवढं भाग्य वऱ्हाडातल्या कुणाला लाभलं असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी मालकाला आमची दया आली. त्याने आखाजीच्या दिवशी स्वतः सुट्टी दिली, तांदूळ दिला आणि एकेक पेला रम दिली. ती पिऊन मी मालकाला मनापासून आशीर्वाद दिला. दादाने पेल्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कोयते उचलून निघाले आणि दादा पायरीवर जाऊन बसला, त्याच्यामागून मीही. मालकाला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलंय. सुट्टी दिली तरी तो कामावर येत नाही, मग त्याला हवंय तरी काय? ते त्याला कोण सांगणार? त्याला हवी होती अकोल्याकडच्या एका खेड्यातली, भांडी आपटणारी एक बाई. ती मळ्याच्या कोठारात मिळत नव्हती.

करार संपायचा तो भाद्रपदात संपला असता. आम्ही मुकाट्याने ऊस तोडला असता, तर दिवाळीला घरी असतो. पण आमच्या आखाज्या, त्या दुप्पट होऊन, कराराला जोडल्या गेल्या होत्या. फाल्गुन उजाडला तेव्हा कुठे आमचे कोयते परत घेतले. मग जहाज नाही, मग वादळं आहेत, मग माणसं पुरेशी नाहीत. त्या वर्षीची आखाजी बंदरातल्या एका पडवीत गेली. पहिल्यांदाच दादाला कुणाची बोली मोडायची नव्हती. तो दिवसभर समुद्राकडे तोंड करून बसला होता.

परत आलो तेव्हा आगगाडी पार अकोल्यापर्यंत आली होती. जाताना आगगाडी गाठायला खानदेशापर्यंत पाय झिजवले होते, येताना डब्यात बसून आलो. गोऱ्यांची लढाई कधीच संपली होती, आणि विलायतेला आमचा पुन्हा विसर पडला होता. पाटलांच्या बैलांच्या शेंब्या सावकारांच्या पेट्यांत गेल्या होत्या. हे सगळं गाडीतल्या माणसांनी सांगितलं. दादाचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने स्टेशनाबाहेरच्या बाजारात जांभळं लुगडं घेतलं आणि आपल्या गावी न जाता थेट सासऱ्याच्या गावाची वाट धरली.

सासरा अंगणात दोर वळत बसला होता. आम्हाला पाहून त्याच्या हातातला पीळ सुटला. उठला नाही, या म्हणाला नाही. सुटलेला पीळ पुन्हा धरला आणि म्हणाला, "यंदाच्या आखाजीले पाट लावून देला रे बावा."

यंदाच्या. दीड महिनासुद्धा उलटला नव्हता.

म्हाताऱ्याने मग सगळं सांगितलं. त्याची चूक होती असं मी म्हणू शकत नाही, आणि म्हणता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पहिल्या आखाजीलाच त्याने पाट ठरवला होता. पोरीने पाय धरले, एक साल थांबा, ते येतील. दुसऱ्या आखाजीलाही तेच. तिसऱ्याला जातीचे पंच बोलावले, तर तिने पंचांपुढे भांडून आणखी एक साल मागून घेतलं. पुढच्या दोन आखाज्यांनाही तसंच. वाट पाहणार नाही म्हणून बजावणारी बाई दर आखाजीला बापाशी बोली करून साल वाढवून घेत होती, आणि तिकडे बेटावर तिचा नवरा दर आखाजीला साल मोडायला बसत होता. यंदा ती स्वतःच काही बोलली नाही. थकली असेल. बापाने विचारलं, तर तिने नुसती मान डोलावली.

ती त्या दिवशी माहेरीच होती. पेरणीआधी चार दिवस आली होती. आवाज ऐकून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली. दादाकडे तिने पाहिलं नाही. मला म्हणाली, "भाऊजी, इतका उशीर काहून लागला?"

मी सांगून टाकलं. दर आखाजीची पायरी, धुतलेलं धोतर, दगड, अधिक महिना, दुप्पट दिवस, सगळं. सांगताना मला स्वतःलाच ते इतकं वेडगळ वाटलं, की अधूनमधून हसू येत होतं. ती हसली नाही.

"मंजे मुकाट काम करत राह्यले असते, त मांगच्या दिवाईले घरी असते?"

"हो," मी म्हणालो.

मग ती पहिल्यांदा दादाकडे वळली. "काहून केलं असं तुमी?"

"कोयता उचलला असता, त साल कबूल केल्यावानी झालं असतं."

"कोनापाशी कबूल? त्या गोऱ्यापाशी? त्याले ठाऊक तरी होती काय आखाजी?"

"तुले त ठाऊक होती," दादा म्हणाला.

तिने तांब्या खाली ठेवला आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडायला लागली, बापासमोर, मोठ्याने, पदरसुद्धा तोंडाला न लावता. म्हातारा उठून गोठ्याकडे गेला. दादाने लुगड्याचं गाठोडं काखेतून काढलं नाही. पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि चल म्हणाला. गावाबाहेर आल्यावर मी त्याला वाट्टेल ते बोललो. मूर्ख म्हणालो, हेकट म्हणालो, बायको घालवलीस म्हणालो. तो ऐकत चालत राहिला. मग म्हणाला, "पाच साल थांबली रे ते." एवढं बोलला आणि रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला. मी त्याच्याजवळ बसलो. माझं बोलायचं राहिलेलं सगळं तिथेच राहून गेलं.